अंगारकीची न्याहारी

"आज हिचं डोकं आलंय," असं आई शेजारणीला सांगायची, मुंबईहून पाहुणा आल्यासारखं. आणि ते यायचंही तसंच. आधी वर्दी द्यायचं, आलं की घरातल्या सगळ्यांना आवाज खाली करायला लावायचं, आणि गेल्यावरही दीड-दोन दिवस घराची घडी नीट बसू द्यायचं नाही. वर्दी म्हणजे डोळ्यांपुढे येणारी एक वाकडीतिकडी रेघ. उन्हात पत्र्याची कड चमकते तशी चमकणारी आणि सारखी हलणारी. पुस्तकातल्या ओळीवर नजर लावली की निम्मा शब्द दिसायचा आणि निम्मा त्या चकाकीत बुडून जायचा. अर्ध्या तासाने रेघ विझायची आणि डाव्या भुवईच्या वर कुणीतरी खुंटी ठोकायला सुरुवात करायचं. मग उजेड नको, आवाज नको, आणि वास तर कसलाच नको. दुपारी केव्हातरी दोन-तीन वेळा उलटी झाली की जरा डोळा लागायचा. गावात ह्याला अर्धशिशी म्हणत. मायग्रेन हा शब्द मी पुढे फार उशिरा ऐकला, आणि ऐकल्यावर वाटलं, अर्धशिशीच बरी, निदान कुठे दुखतं ते तरी तिच्यात सांगितलेलं आहे.

हेदवीपासून तासाभराच्या चालीवर आमचं गाव. साठेक हापूसची कलमं, घरामागे नारळी-पोफळींचं छोटं आगर, आणि घरात माणसं तीनच: अण्णा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. अण्णा दिवसभर बागेत. आई पहाटेपासून चुलीपाशी, गोठ्यात, विहिरीवर. माझं डोकं आलेलं असलं की ती नारळ खवायला विळी घेऊन थेट गोठ्यापलीकडे जाऊन बसायची, कारण तो खरखर आवाज मला सहन होत नसे. अण्णा एरवी खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, मोठ्याने हाका मारत घरात येणारे, पण माझ्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं की वहाणा हातात घेऊन पडवीतून जायचे. घरात अंधारी खोली एकच, कोठीची. तिथे मी पडून राहायची. पंचाईत व्हायची ती वैशाखात, कारण त्याच खोलीत गवतावर आंब्यांची आढी घातलेली असे आणि पिकत्या हापूसचा वास नाकात गेला की मला भडभडून यायचं. बागाईतदाराची मुलगी आणि हापूसच्या वासाने ओकते, ही गोष्ट बाहेर कळू द्यायची नाही अशी अण्णांची सक्त ताकीद होती. "गिऱ्हाईक काय म्हणेल?" असं म्हणत ते स्वतःच हसत.

उपाय झाले ते सांगत बसले तर हे प्रकरण संपायचं नाही. सुंठ उगाळून कपाळाला लावली, जायफळ उगाळून लावलं, नाकात गाईचं तूप सोडलं, अगदीच सोसवेना झालं की दुकानातली गोळीही घेतली. वाडीतल्या एका म्हाताऱ्यांनी पूर्वेकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत माझी अर्धशिशी उतरवली आणि तीन दिवसांनी ती परत चढली. कुणीतरी सांगितलं की सूर्य उगवायच्या आत दुधात जिलबी खायची. अण्णांनी आदल्या संध्याकाळी गुहागरच्या बाजारातून जिलबी आणली, ती पहाटेपर्यंत चामट झालेली. डोकं काही थांबलं नाही, पण एवढ्या एका उपायाबद्दल मी कधी तक्रार केली नाही. चिपळूणच्या आत्या आल्या होत्या, त्यांचं निदान मात्र सरळ होतं. "पुस्तकं बंद करा. पोरीच्या जातीला एवढं वाचन सोसत नाही. घरकाम करू दे, आपोआप थांबेल." मी कोठीच्या खोलीत पडल्यापडल्या ते ऐकलं. मी तेव्हा बारावीला होते. बारावी होऊन डी.एड.ला जायचं, मास्तरीण व्हायचं, एवढंच एक मनात धरलेलं होतं. सराव परीक्षेत दोन पेपर मी कोरे देऊन आले होते, आणि आत्या गेल्यावर आई जेवताना अण्णांना म्हणाली, "वन्सं म्हणतात त्यात काही अगदीच खोटं नाही हो. परीक्षेतसुद्धा असंच झालं तर? उगीच पोरीचा जीव कशाला काढायचा?" मला त्या रात्री डोकं नसतानाही झोप आली नाही.

आईला माझं वाईट व्हावं असं वाटत होतं का? तिच्याइतकी काळजी माझी पुढे कुणी केली नाही. आदल्या वर्षीच ती हेदवीला जाऊन दशभुज गणपतीला बोलून आली होती, की लेकीचं डोकं थांबू दे, ती तुझी संकष्टी करील. नवस तिचा आणि उपास माझा, कारण दुखणं माझं. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नि बटाट्याचा कीस असला लाडाचा प्रकार नव्हता. चंद्र उगवेपर्यंत घोटभर पाणी, बस. गंमत अशी की उपास सुरू केल्यावर डोकं थांबण्याऐवजी वाढलं. आईने विचार केला, उपास कमी पडतोय. म्हणून मंगळवार धरले. आता दर मंगळवारी मी उपाशीपोटी घरून निघायची, सडा चढायची, त्या पठारावरच्या उघड्या कातळावरून तासभर उन्हातून चालत शाळेत जायची आणि तशीच परत यायची. मंगळवारी संध्याकाळी नाहीतर बुधवारी सकाळी रेघ हजर. "बघ, देव परीक्षा बघतोय," आई म्हणायची. मलाही ते खरं वाटायचं. आज ह्या गोष्टीवर मी हसते, पण त्या घरात जी तीन शहाणी माणसं राहत होती त्यांतल्या एकाच्याही डोक्यात दोन आणि दोन चार असा हिशेब आला नव्हता.

आला तो अण्णांच्या, आणि तोही आंब्याच्या वाटेने. अण्णांची एक सवय होती. ओटीवरच्या भिंतीला कॅलेंडर असे आणि त्याच्या रोजच्या चौकोनात ते पेन्सिलीने बागेची हालहवाल लिहून ठेवत. दव पडलं, मळभ आलं, तुडतुडे दिसले, फवारणी केली. जुनी पानं ते फाडत नसत, मागे उलटून ठेवत. माझं डोकं वाढलं तेव्हा त्यांना पहिला संशय आपल्या फवारणीच्या औषधावर आला. त्याचा उग्र वास घरभर होतो म्हणून. त्यांनी पंप आणि डबे पडवीतून उचलून लांब बागेतल्या मांगरात, त्या खोपटात, नेऊन ठेवले, आणि फरक पडतो का बघायला माझं डोकं येईल त्या दिवशी चौकोनात 'डो' लिहायला लागले. त्याच कॅलेंडरवर कोपऱ्यात काजळाचे बारीक ठिपके असत, ते आई घाली, माझ्या महिन्याच्या दिवसांसाठी. अण्णांना ते ठिपके कशाचे हे ठाऊक होतं आणि ठाऊक नाही असं ते वागत.

सराव परीक्षेनंतरच्या एका दुपारी अण्णांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि सहा महिन्यांची पानं ओटीवर पसरली. मला हाक मारून शेजारी बसवलं. "हे बघ बाय," ते म्हणाले, "मोहोरावर भुरीची बुरशी दिसली म्हणजे ती आज आली असं नसतं. ती दोन दिवस आधी येऊन बसलेली असते. म्हणून भुरी दिसली की आज काय झालं ते बघायचं नाही, मागं जायचं. मळभ कधी होतं, दव कधी पडलं ते बघायचं." मग त्यांनी प्रत्येक 'डो'वर बोट ठेवलं आणि बोट मागे सरकवलं. मंगळवार. मंगळवार. संकष्टी. मंगळवार. मधे एखाददुसरं 'डो' ठिपक्याशेजारी होतं. एक चिपळूणच्या लग्नानंतरचं, जेव्हा रात्रभर जागरण झालेलं. बाकी रांगेने मंगळवार आणि संकष्ट्या. "ठिपक्याचं काय ते तुम्ही मायलेकी बघा," असं भिंतीकडे बघत म्हणून त्यांनी आईला हाक मारली.

आई हात पुसत आली आणि उभ्या उभ्या तिने ते सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही. परत आत गेली आणि बराच वेळ मागच्या दारात बसून राहिली. दिवेलागणीला मी तिच्याजवळ गेले तर ती रडत होती. "मी तुझं डोकं थांबावं म्हणून देवाकडे गेल्ये," ती म्हणाली, "आणि तुझं डोकं मीच दुखवत बसल्ये होत्ये. वर्षभर." मी म्हटलं, "तुला कुठं ठाऊक होतं?" ती म्हणाली, "आईला ठाऊक नको?" आणि पुन्हा रडली. आईला असं रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

पण नवस म्हणजे काही आंब्याची फवारणी नव्हे, की चुकली तर बदलली. अण्णांच्या कॅलेंडरवर भरवसा ठेवून देवाचा उपास कसा सोडायचा? म्हणून ठरलं की रत्नागिरीला डॉक्टरांना दाखवायचं, आणि बाई डॉक्टर असेल तरच, ही आईची अट. तवसाळहून लाँचने खाडी ओलांडून जयगड, तिथून एस.टी. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या डोळ्यांत बत्ती टाकून बघितलं, हातापायांवर हातोडी मारली, मग अण्णांनी गुंडाळी करून नेलेली कॅलेंडरची पानं टेबलावर पसरून पाच मिनिटं नुसती बघत राहिल्या. "हे कुणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं. अण्णा एखादी चूक पकडली गेल्यासारखे म्हणाले, "मीच. बागेचं लिहितो, त्यातच." "माझं अर्धं काम तुम्ही केलंत," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं की हे डोकं काही वाचनाने येत नाही, वाचन सोडायचं कारण नाही. उपाशी राहायचं नाही, उन्हात डोक्यावर काहीतरी घ्यायचं, पाणी भरपूर प्यायचं, झोपायची-उठायची वेळ रोज एकच ठेवायची. आणि गोळी घ्यायची ती रेघ दिसताक्षणी. "तू काय करत्येस? सोसवेनासं झालं की मग घेतेस. तोवर उशीर झालेला असतो. चोर घरात शिरल्यावर दार लावून काय उपयोग? पण आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त घ्यायची नाही, नाहीतर गोळ्याच डोकं दुखवायला लागतील." मग त्यांनी आईला विचारलं, "घरात आणखी कुणाचं असं दुखतं का? हे पुष्कळदा आईकडून येतं." आई म्हणाली, "छे, आमच्याकडे कुणाचंच नाही."

परतीच्या लाँचमध्ये अण्णा आईला म्हणाले, "खोटं का बोललीस? महिन्यातून दोनदा डोक्याला फडकं करकचून बांधून भाकऱ्या थापत असतेस ती कोण?" आई पाण्याकडे बघत म्हणाली, "बायकांची डोकी दुखायचीच. माझं रडगाणं कुठं काढायचं त्यात? हिच्यासाठी गेलो होतो आपण." विषय तिथेच संपला. तिचं ते फडकं मी लहानपणापासून बघत आले होते. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून बांधत असेल, असं मला वाटत आलं होतं.

पुढच्या आठवड्यात आई मला घेऊन हेदवीला गेली. गाऱ्हाणं घालायची आमच्या भागातली रीत म्हणजे गावच्या देवीपुढे गुरव मोठ्याने बोलतो आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतात. हेदवीच्या गाभाऱ्यापुढे कुणी असं करत नाही. पण आईने ते स्वतःच, हळू आवाजात, पदर पसरून घातलं. "बा गणराया, मी बोलल्ये होत्ये की लेक उपास करील. माझी चूक झाली. तिला झेपत नाही. तिचा उपास माझ्या पदरात घाल. मंगळवार नि संकष्टी, दोन्ही. मी करीन, जन्मभर करीन, पण तिला परीक्षेला बसू दे." बाहेर आल्यावर तिचा चेहरा हलका झाला होता. मलाही सुटल्यासारखं वाटलं. लाँचमध्ये ऐकलेलं सगळं माझ्या कानांत होतं, तरीही ह्या अदलाबदलीत तिच्या डोक्याचं काय होईल हा विचार माझ्या मनात आला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं खरं.

डोकं कमी झालं. थांबलं नाही, कमी झालं. महिन्याला सहा यायचं ते दोनवर आलं. सकाळी निघण्याआधी गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप पोटात जायला लागलं. अण्णांनी मला त्यांची बागेतली छत्री दिली, काळी, मोठी, मुठीपाशी दोरीने बांधलेली. ती घेऊन सड्यावरून जाताना मुली हसायच्या आणि मी खुशाल हसू द्यायची. आजही माझ्या पर्समध्ये खजुराची डबी असते आणि डोळ्यांवर काळा चष्मा, आणि लोक समजतात मोतीबिंदू झालाय. आता नवी नवी औषधं निघाली आहेत, झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायचीसुद्धा. माझ्या नातीला तिच्या डॉक्टरांनी मोबाइलमध्ये रोजची नोंद ठेवायला सांगितली आहे. ती मला मोठ्या कौतुकाने ते दाखवत होती, खाणं, झोप, डोकं, सगळ्याला वेगवेगळे रंग. मी म्हटलं, तुझ्या पणजोबांकडे पेन्सिल एकच होती.

तर त्या वर्षी मग बारावीचं वेळापत्रक आलं. बोर्डाचा इंग्रजीचा पेपर, ज्याची मला सगळ्यात भीती, तो मंगळवारी. आणि तो मंगळवार अंगारकीचा. वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य एका दिवसात देणारी अंगारकी. आमच्या घरात त्या दिवशी कुणाच्या तोंडात शीत गेल्याचं मला आठवत नव्हतं. इंग्रजीत गेले की बारावी गेली, आणि बारावी गेली की पुन्हा बसायला कुणी देणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पहाटे मी अंघोळ करून आले तर पाट मांडलेला. वाफाळता भात, मेतकूट, वर तुपाची धार, बाजूला लिंबाचं लोणचं. अंगारकीच्या दिवशी. आईने वाढताना ताटाकडे बघितलं नाही. मी घास उचलेना. "जेव," ती म्हणाली. "पोटभर जेव. माझं देवाशी बोलणं झालंय." मी जेवले. सगळा भात संपेपर्यंत ती दारातून हलली नाही.

तरीही रेघ आलीच. दुसऱ्या प्रश्नाच्या मध्यावर, उत्तरपत्रिकेच्या डाव्या कडेला, आधी एक ठिपका आणि मग ती नेहमीची लखलख. सराव परीक्षेत रेघ आल्यावर मी पेन खाली ठेवून रडले होते. ह्या वेळी कंपासपेटीतली गोळी काढली आणि वर्गावरच्या बाईंकडे पाणी मागितलं. त्यांनी पाणी आणून दिलं, कपाळाला हात लावून बघितला आणि खिडकीचं दार ओढून घेतलं. मी बाकावर डोकं टेकून डोळे मिटले. दहा मिनिटं गेली असतील, मला ती तासाची वाटली. डोळे उघडले तर रेघ विरत होती. खुंटी ठोकायला कुणीतरी आलं, पण ह्या वेळी हातोडी लहान होती. मी लिहायला लागले. शेवटचा निबंध अर्धाच राहिला, बाकी सगळं लिहून झालं. घंटा झाली तेव्हा मला हसू येत होतं, कारण डोकं आलेलं असताना मी पेपर लिहिला होता. ते कधी येणार नाही अशी हमी मला कुणीच देणार नव्हतं, पण आलं तरी पेन हातात राहतं हे आता कळलं होतं.

परीक्षाकेंद्राच्या गावाहून आलेल्या एस.टी.तून उतरून मी जवळजवळ धावतच घरी आले. खळ्यात अण्णा एकटेच बसलेले. पेपर चांगला गेला म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि आत बोट दाखवलं. "सकाळपासून पडल्ये. तीन उलट्या झाल्या. काही घे म्हणून सांगून थकलो, चंद्र उगवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही म्हणते." कोठीच्या खोलीत, जिथे मी पडायची त्याच जागी, आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोक्याला फडकं.

"कसा गेला पेपर?" तिने न वळता विचारलं.

"चांगला. मधे रेघ आली होती, गोळी घेतली, थांबलं. तुझं काय?"

"काही नाही गो. ऊन लागलं असेल."

"घरात बसून?"

मी तिच्या कपाळावरून हात फिरवला, तर डाव्या भुवईवरची शीर माझ्यासारखीच उडत होती. आपण काय करून बसलो ते मला त्या क्षणी कळलं. माझी न्याहारी तिच्या उपासावर चालली होती.

मी स्वयंपाकघरात गेले आणि मऊभात टाकला. जरा पातळच झाला, घाईत मीठही जास्त पडलं. ताट वाढून मी देव्हाऱ्यापुढे उभी राहिले आणि कोठीच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "बा गणराया, शालू बोलत्ये. आईने माझा उपास पदरात मागून घेतलान्, तो तू दिलास. ते तुमचं दोघांचं झालं, मला कुणी विचारलं नाही. मला तो असा नको. तिचं डोकं दुखून माझं थांबायचं असेल तर माझं मला परत दे, माझ्याकडे गोळ्या आहेत. हा नवस आता मोडला असं समज. ह्यापुढे ह्या घरात तुझ्या नावाने उपास नाही, तुझ्या नावाने सकाळची न्याहारी होईल, दोघींची. आणि राग धरायचाच असेल तर माझ्यावर धर, पण अजून तीन पेपर राहिलेत, तेवढे होऊ देत."

खळ्यातून अण्णांचा आवाज आला, "होय म्हाराजा."

कोठीच्या खोलीत आई हसायला लागली, कण्हत कण्हत. "हसवू नका रे, डोकं फुटतंय माझं." मी ताट घेऊन तिच्याजवळ बसले. तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग डोक्याचं फडकं सोडून बाजूला ठेवलं आणि उठून बसली. पहिला घास तिने हातात बराच वेळ धरला.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली, आणि जेवायला लागली. चंद्र उगवायला अजून पाच तास होते.